मड मोड लावला तरी गाडी रुतते, ती का?
(दोन मोटरच्या इलेक्ट्रिक फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रुतलेल्या गाड्या बाहेर काढणं हा आमचा धंदा. पाऊस लागला की आम्हाला येणाऱ्या फोनमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मड मोड (चिखलासाठीची सेटिंग) लावलाय, तरी गाडी हलत नाहीये." मुळशी, मावळ, भोर भागातल्या शेतघरांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या, तसे हे फोनही वाढले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून दिलेलं बरं.

आधी नेहमी होणारी चूक सांगतो. चुकीचा मोड लावल्यामुळे गाडी रुतली, असं क्वचितच होतं. चाक घसरायला लागल्यावरही ॲक्सिलरेटरवर पाय तसाच राहतो, म्हणून ती रुतते. डिझेल गाडीत चाक जागच्या जागी फिरलं की इंजिन ओरडतं आणि पाय आपोआप निघतो. मोटर ओरडत नाही, आणि तिचा जोर मात्र शून्यापासून पुरा मिळतो. टाटाच्या हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरच्या आवृत्तीत हा जोर ५०४ न्यूटन-मीटर आहे. भिजलेल्या मातीत एवढ्या जोराने फिरणारं चाक बघता बघता वीतभर खाली जातं, आणि आत एसी-गाणी चालू असल्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही.

खूण एकच बघा. स्पीडोमीटर २० दाखवतोय आणि खिडकीबाहेरचं झुडूप जागचं हललेलं नाही. पाय काढा. लगेच. इथे थांबलेली गाडी बहुतेक वेळा आमच्याशिवाय निघते. "अजून एकदा बघू" म्हणून आणखी दोनदा दाबलंत की गाडीचं पोट टेकतं. या गाड्यांचं पोट म्हणजे पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत बॅटरीचा सपाट तळ. ओल्या फरशीवर परात चिकटावी तसा तो चिखलाला चिकटतो. चाकांवरचं वजन जातं, पकड जाते आणि कुठलाच मोड उपयोगाचा राहत नाही. मग फावडं हाच उपाय. आमचा बराच वेळ जातो तो याच कामात.

मोड नेमकं काय करतो

मोडमुळे पकड वाढत नाही. आहे ती पकड कशी वापरायची, एवढंच तो ठरवतो : पायाला मोटर किती चटकन उत्तर देणार, पुढच्या-मागच्या मोटरमध्ये जोर कसा वाटायचा, चाकाला किती घसरू द्यायचं आणि ब्रेक मध्ये कधी घालायचा.

रिव्हियन आर१टी या अमेरिकन इलेक्ट्रिक पिकअपचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, की ती चढते मग आपली का नाही? तिच्या चार मोटरच्या आवृत्तीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये दोनच मोटर आहेत, पण मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा भाग) लॉक होतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं बरोबरच फिरतात. आपल्याकडच्या दोन मोटरच्या गाडीत पुढे-मागे वाटणी मोटर करतात, डावी-उजवी मात्र ब्रेक लावून होते. हवेत उचललेलं चाक गाडी ब्रेकने धरते, तेव्हा जोर पलीकडच्या चाकाला जातो. हे व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढा वेळ पाय हलका व एकसारखा ठेवावा लागतो. पाय पंप केलात की तिचा हिशेब दरवेळी पहिल्यापासून सुरू होतो.

हॅरियर ईव्हीमध्ये नॉर्मल, स्नो/ग्रास, मड-रट्स, सँड, रॉक क्रॉल आणि कस्टम असे मोड आहेत. इतर गाड्यांत नावं थोडी वेगळी असतील, काम तेच.

स्नो/ग्रासला आपल्याकडे कोणी हात लावत नाही, कारण सह्याद्रीत बर्फ कुठला! पण पावसाळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी मोड हाच. तो ॲक्सिलरेटर मऊ करतो. शेवाळलेलं काँक्रीट, ओलं गवत, जांभ्याच्या सड्यावरचा निसरडा थर, फार्महाउसच्या फाटकासमोरचा चढ, सगळीकडे हाच लावा. मड-रट्स चाकाला थोडं फिरू देतो, म्हणजे टायरच्या खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पाणंद रस्त्यासाठी तो ठीक. सँड आणखी मोकळीक देतो, कारण वाळूत वेग तुटला की संपलं. चिखलात सँड लावू नका, खड्डा लवकर खणला जाईल. रॉक क्रॉल दगडांसाठी आणि चालण्याच्या गतीसाठी. यात ब्रेक फार काम करतात, म्हणून ईएसपी (घसरताना आपोआप ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा) बंद करायच्या भानगडीत पडू नका.

मोड लावायचा तो डांबर संपतं तिथे थांबून. रुतल्यावर लावलेल्या मोडला फारसा अर्थ नाही. बऱ्याच गाड्यांत गाडी बंद करून चालू केली की नॉर्मल मोड परत येतो, तेव्हा फाटक उघडायला उतरला असाल तर पुन्हा बघा. गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मोड कुठलाही असो, पुढची चाकं मदतीला येणार नाहीत.

हवा

मोड बदलतात सगळे, हवा कोणी कमी करत नाही. आमच्या मते मोडपेक्षा हवेचा फरक मोठा. रस्त्यावरचं प्रेशर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. शेतरस्त्याला आणि चिखलाला २४ ते २६ पीएसआय करा, दगडांवर साधारण तेवढंच, सुट्ट्या वाळूत १८ ते २०. त्याखाली नको. गाडी दोन टनांच्या वरची, टायर बुटके. वळताना टायर रिमवरून निसटतो. कमी हवेवर ताशी ३० किमीच्या वर जाऊ नका आणि डांबरावर चढण्याआधी भरून घ्या. टायर प्रेशरचा दिवा लागेल, तो लागणारच.

सिगारेट-सॉकेटवर चालणारा बरा कॉम्प्रेसर एका टायरला ५ ते ८ मिनिटं घेतो. अगदी स्वस्तातले दुसऱ्या टायरपर्यंत तापून बंद पडतात, म्हणून आम्ही ते विकायला ठेवत नाही. हवा काढायचं गेज, कॉम्प्रेसर, दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सारायच्या दातेरी फळ्या) आणि आखूड दांड्याचं फावडं, एवढा संच डिकीत असला तर आम्हाला बोलवायची वेळ सहसा येत नाही. (हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण संचही आम्हीच विकतो.)

उतार आणि चार्जिंग

घरून १०० टक्के चार्ज करून निघालात आणि लगेच घाट उतरायला लागलात, तर रीजनला (पाय काढल्यावर मोटर गाडीला अडवून बॅटरीत वीज परत भरते, त्याला) जागाच नसते. पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी अडत नाही आणि लोक घाबरतात. अशा दिवशी ८५-९० टक्क्यांवर निघा. निसरड्या उताराला उलटा प्रश्न : रीजन सगळ्यात वरच्या पातळीवर असेल तर पाय काढताच चाकं घसरू शकतात. रीजन खालच्या पातळीवर घ्या आणि हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) लावा.

चिखलात बॅटरीचा खर्च रस्त्याच्या दुप्पट धरा. पडद्यावरची रेंज मागच्या डांबरी प्रवासावरून काढलेली असते.

रुतलीच तर

उतरा आणि वाकून बघा. पोट मोकळं असेल तर स्टिअरिंग सरळ करा, हवा कमी करा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे या. पुढे नको, पुढची माती कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही.

पोट टेकलं असेल तर ॲक्सिलरेटरला हात (पाय) लावू नका. आधी पोटाखालची माती मोकळी करा, मग चाकांपुढची. बोर्ड चाकाखाली घट्ट सारा. त्यावर चाक नुसतं फिरवलं तर बोर्डाचे दात वितळतात. जॅक लावायचा तो फक्त दाराखालच्या पट्टीवर खुणा केलेल्या जागी आणि खाली फळी ठेवून. मधला सगळा भाग बॅटरीचा आहे. केशरी वायरींना (त्यांत उच्च दाबाची वीज असते) कोणीही हात लावायचा नाही.

आता ट्रॅक्टरबद्दल. जवळचा ट्रॅक्टरवाला दहा मिनिटांत येतो, आम्हाला तास लागतो, शिवाय आम्ही आल्यावर आधी अर्धा तास खणतच बसतो. बघणाऱ्यांना वाटतं, उगीच मीटर चालू आहे. पण चिकटलेली दोन टनांची गाडी झटक्याने ओढली की दोर जिथे बांधलाय ती वस्तू निघून येते. बहुतेक वेळा तो लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला) बांधलेला असतो. ट्रॅक्टरच लावायचा असेल तर बंपरमागच्या भोकात टो-हुक पूर्ण पिळून बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, पार्किंग ब्रेक सुटल्याची खात्री करा, माणसं दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभी करा आणि झटका न देता सरळ रेषेत, सावकाश ओढा. पट्टा आणि शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) वापरा, साखळी नको.

चिखलातून चार-पाच मीटर बाहेर ओढणं वेगळं आणि रस्त्याने टो करत नेणं वेगळं. चाकं जमिनीवर ठेवून दूर ओढलं की कायम चुंबक असलेली मोटर वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. गाडी बंद पडली असेल तर फ्लॅटबेडच (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक). फ्लॅटबेडचे पैसे आम्ही वेगळे का लावतो, याचंही उत्तर यातच आहे.

पाणी

बॅटरी आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) आहे म्हणून गाडी ओढ्यात घालू नका. त्या चाचणीत वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं स्थिर ठेवतात. वाहत्या पाण्यातले दगड आणि ओढ त्यात नसते. किती खोल पाण्यातून जाता येतं ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलंय. काठीने मोजून बघा. तळ दिसत नसेल तर परत फिरा.

कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यांवर आम्ही गाडी काढायला येत नाही. तिथे गाडी उतरवायला बंदी आहे, पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि भरती आमच्यासाठी थांबत नाही. कृपया आग्रह करू नका.

घरी आल्यावर तळ आणि चाकांच्या आतली बाजू साध्या पाइपने धुवा. प्रेशरचा फवारा चार्जिंग पोर्टवर आणि केशरी जोडांवर नको. पुढच्या जाळीतला चिखल काढा, तिथूनच गाडी थंड होते. रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्क गंजतात, म्हणून शेवटी रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारून त्या कोरड्या करा.

फोन करण्याआधी तीन फोटो पाठवा : रुतलेलं चाक, बाजूने दिसणारं पोट आणि मागचा रस्ता. सोबत लोकेशन. यावरून फावड्याने भागेल की विंच (तारेने ओढणारं यंत्र) आणायचं, ते कळतं आणि बऱ्याचदा फोनवरच काम होतं. फोनचे पैसे नाहीत. नंबर पावतीच्या मागे आहे. अर्ध्या दिवसाचा सराव तुमच्याच गाडीवर, आमच्या जागेतल्या चिखलात घेतो. जून ते सप्टेंबर जागा लवकर भरतात.