मुलांचे लेखन, लाल शाई आणि वर्गाचा वाचक : पार्श्वभूमी

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मुलांचे लेखन इतरांसमोर मांडण्याची पद्धत जुनी आहे. भिंतीवरचा कागद, हस्तलिखित अंक, शाळेचा ब्लॉग आणि आता वर्गाचा व्हॉट्सॲप गट अशी तिची रूपे बदलत गेली. प्रत्येक रूपाबरोबर एक प्रश्न पुन्हा उभा राहिला: मुलाने लिहिलेला मजकूर इतरांसमोर ठेवण्यापूर्वी शिक्षकाने तो दुरुस्त करावा का? वरवर हा शुद्धलेखनाचा प्रश्न दिसतो. मात्र तो मजकूर वर्गातील सोबत्यांसाठी मांडला जातो की वर्गाबाहेरच्या मोठ्या माणसांसाठी, यावरच त्याचे उत्तर ठरत आले आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतील घडामोडी याच अंगाने पाहिल्या तर उलगडतात.

एकाच वर्गातील मुलांनी एकमेकांचे लिहिलेले वाचावे, त्यावर बोलावे आणि त्या बोलण्यातून पुढचे लेखन घडावे, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधील एका खेडेगावातील शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला. मुले स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग लिहीत, वर्ग मतदानाने त्यांतील एक मजकूर निवडत असे, तो फळ्यावर लिहून सगळे मिळून सुधारत, आणि मग मुलेच खिळे जुळवून त्याची छपाई करीत. छापलेली पाने दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवली जात आणि तिकडची पाने इकडे येत. या प्रयोगाची आठवण मुख्यतः छापखान्यामुळे काढली जाते. त्यातील सर्वांत मोलाचे काम मात्र फळ्यापाशी होत होते, कारण तेथे लिहिणारे मूल दुरुस्तीच्या वेळी हजर असे आणि प्रत्येक बदलाचे कारण विचारू शकत असे.

महाराष्ट्रातील शाळांत भित्तिपत्रक आणि हस्तलिखित ही दोन रूपे रुजली, पण त्यांत हा फळा हरवला. हस्तलिखिताची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच होती. वर्गशिक्षक निबंधवहीतून चांगले लेख निवडत, ते तपासत आणि ज्याचे अक्षर वळणदार आहे अशा विद्यार्थ्याकडून ते सुबक कागदावर उतरवून घेत. लिहिणारे डोके एका मुलाचे, हात दुसऱ्याचा आणि भाषा शिक्षकाची, असा तो अंक तयार होई. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होई आणि मग तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जाई. अंकाचा वाचक पाहुणा होता, तपासणीला येणारा अधिकारी होता, फार तर पालक होता. ज्या वर्गाने तो लिहिला त्या वर्गाच्या हाती तो क्वचितच पडे.

शुद्धलेखनाला याच काळात नियमांचे बळ मिळाले. साहित्यसंस्थांनी तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि सामान्यरूपे यांची एकच रीत ठरल्याने पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांना शिस्त आली, हे मान्य करायला हवे. पण नियम छापील मजकुरासाठी आखले गेले आणि वर्गात ते नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या परिच्छेदाला लावले गेले.

सोलापुरात याचा भार इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक पडला. शहराच्या पूर्व भागात विणकर कुटुंबांची तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड, शहरातील मोठ्या वस्त्यांत उर्दू आणि या सर्वांच्या शेजारी सोलापुरी वळणाची मराठी, असा हा भाषांचा शेजार आहे. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ‘तो दगड, ती भिंत, ते झाड’ हा भेद वेगळा शिकावा लागतो, कारण त्या भाषांत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. त्याने ‘ती झाड’ लिहिले तर त्यामागे त्याच्या घरच्या भाषेचे व्याकरण असते. लाल शाईला ते दिसत नाही. मराठी घरातील मूलही ‘मी गड्ड्याला जायलोय’ असे बोलते आणि तसेच लिहिते, आणि वही परत मिळते तेव्हा तेथे ‘मी यात्रेला जात आहे’ असे असते. सिद्धेश्वराच्या जानेवारीतील यात्रेला सोलापूरकर गड्डा म्हणतात. ज्या वाक्याने वर्गातील इतर मुलांना आपापला गड्डा आठवला असता, ते वाक्य बाहेरच्या कोणालाही कळेल असे होते आणि वर्गाशी बोलेनासे होते.

२००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि त्यानंतर २०१० मधील राज्याचा आराखडा यांनी मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, ही भूमिका, म्हणजेच ज्ञानरचनावाद, अधिकृत केली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भयमुक्त ठेवणे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करणे हे अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवतानाचे निकष म्हणून नोंदवलेले आहेत. माध्यम शक्यतो मातृभाषेचे असावे, हेही तेथेच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि वर्षभर वर्गातच चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प व स्वाध्याय यांना स्थान मिळाले. लेखन मांडण्याला यामुळे प्रथमच शासकीय आधार मिळाला, आणि त्याचबरोबर प्रत्येक भित्तिपत्रक हे नोंदवहीसाठीचा पुरावाही बनले. पुराव्याचे वाचक पुन्हा वरिष्ठच होते.

जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांत रोजचा झाला, फरशीवर तक्ते रंगवले गेले, आणि त्याच लाटेत तंत्रस्नेही शिक्षक पुढे आले. सोलापूर जिल्ह्याने या बाबतीत पुष्कळ काही केले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचे काम झाले आणि तेथील शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शाळांचे आणि शिक्षकांचे ब्लॉग याच वर्षांत मोठ्या संख्येने निघाले. ब्लॉग लिहिण्याची विनामूल्य सेवा १९९९ पासून उपलब्ध होती, परंतु देवनागरी मजकूर कोणत्याही संगणकावर सारखाच दिसण्यासाठी युनिकोड या अक्षरांच्या सामायिक संकेतपद्धतीचा वापर सर्वदूर होणे आवश्यक होते, आणि खेड्यातील शाळेपर्यंत तो स्मार्टफोनबरोबरच पोहोचला.

परदेशातील वर्गांत ब्लॉगचा उपयोग वेगळ्या रीतीने होत होता. तेथे प्रत्येक विद्यार्थी स्वतः टंकलेखन करी, सोबती त्याखाली अभिप्राय लिहीत, आणि शिक्षक अनेकांतील एक वाचक असे. आपल्याकडे मूल कागदावर लिही आणि शिक्षक रात्री घरी बसून ते टंकित करीत, कारण मराठी टंकलेखन येणारे आणि डेटा पॅक असलेले शाळेत तेच असत. या एका व्यावहारिक कारणाने दुरुस्तीचा प्रश्न चर्चेविना निकालात निघाला. शिक्षक टंकित करताना ‘पानी’चे ‘पाणी’ आपोआप होत असे, ‘जायलोय’चे ‘जात आहे’ होत असे, आणि पुढे पुढे परिच्छेदाचा शेवटही बदलत असे. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. उलट आपल्या मुलांचे नाव जगापुढे चांगले यावे, हीच तळमळ त्यामागे होती. परंतु ब्लॉगवर गेलेला मजकूर वर्गात पुन्हा वाचला जात नसे, आणि ब्लॉगचा मोठा भाग शासन निर्णय, प्रश्नपत्रिका आणि तक्ते यांनी व्यापलेला असे. मुलांचे पान हे त्यातील एक छोटे पान होते.

मांडण्यापूर्वी लेखन दुरुस्त करावे का, यावर शिक्षकांत जो मतभेद झाला तो सविस्तर समजून घेतला पाहिजे, कारण आजचे सर्व वाद त्याच्याच पोटातून निघालेले आहेत. दुरुस्तीच्या बाजूचे म्हणणे असे की भिंतीवर किंवा पडद्यावर मांडलेला शब्द मुले आदर्श म्हणून पाहतात. ‘पानी’ असे रोज दिसले तर तेच डोळ्यांत बसते. यंत्रमाग कामगार किंवा विडी कामगार आईबापांना मूल प्रमाण मराठी लिहायला शिकावे असेच वाटते, कारण पुढची प्रत्येक परीक्षा त्याच भाषेत होते. घरच्या बोलीचे कौतुक करून त्या मुलाला प्रमाण भाषेपासून दूर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे हे शिक्षक सांगतात, आणि ही बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही.

दुसऱ्या बाजूचा आधार वर्गातील निरीक्षणाचा आहे. सोबत्याने लिहिलेला मजकूर सोबत्याच्याच बोलण्यात असेल तर मुले थांबून वाचतात, ‘असं नव्हतं झालं’ म्हणून भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील कोणीतरी स्वतःची हकीकत लिहून आणते. मजकूर पाठ्यपुस्तकासारखा दिसू लागला की तो शिक्षकाचा ठरतो आणि त्यावर बोलायचे काही उरत नाही. शिकणारा वर्ग एकत्र बांधला जातो तो या बोलण्यातून, आणि नेमके तेच पूर्वदुरुस्तीने बंद पडते. शिवाय ज्याचे लेखन सर्वांत जास्त बदलले जाते ते मूल बहुधा कन्नड, तेलुगू किंवा उर्दू घरातील असते. ते पुढच्या वेळी तीन ओळी लिहून थांबते, कारण तीन ओळींत चुका कमी होतात.

तिसरा मार्ग काही शिक्षकांनी हाताळला आणि तो फ्रान्समधील जुन्या फळ्याशी जुळणारा आहे. मजकूर आधी मुलाच्या भाषेत जसाच्या तसा लावायचा, चार-पाच दिवस वर्गाने तो वाचायचा, आणि मग एका तासिकेत सर्वांनी मिळून त्याचे दुसरे, प्रमाण मराठीतील रूप तयार करायचे. ‘जायलोय’ची जागा काय घेईल, हे मुलेच सुचवतात; गड्डा हा शब्द ठेवायचा की नाही, यावर मत लिहिणाऱ्याचे घेतले जाते. यात पहिल्या बाजूची भीती दूर होते, कारण प्रमाण रूप मुलांसमोर येते, आणि ते का आले हेही त्यांना कळते. या मार्गाला वेळ लागतो, आणि तो मोठा पट असलेल्या किंवा द्विशिक्षकी शाळेत सहज मिळत नाही. तरीही उपलब्ध पर्यायांत हाच मार्ग मुलाला लेखक आणि वर्गाला वाचक म्हणून वागवतो, असे स्पष्टपणे म्हणता येते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि परिस्थिती एका झटक्यात उलटली. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येऊ लागला, तोही वहीच्या पानाचे छायाचित्र म्हणून. मूल किंवा त्याचा मोठा भाऊ ते थेट टाकत असे, आणि शिक्षकाला आधी हात लावण्याची सोय राहिली नाही. मुलांनी एकमेकांचे अक्षर, खाडाखोड, चित्रे आणि बोली इतक्या मोकळेपणाने पाहण्याची ही कित्येक वर्गांत पहिलीच वेळ होती. काही ठिकाणी मुले एकमेकांना आवाजी संदेश पाठवून त्यावर बोलू लागली. ज्या घरात फोनच नव्हता, किंवा एकच फोन वडिलांबरोबर दिवसभर कामावर जात असे, त्या घरातील मुले या वर्गातून गळाली, हेही तितकेच खरे आहे. गटात पालक होते, आणि त्यांनी तुलना सुरू केली: अमक्याच्या मुलीच्या चुका किती, आपल्या मुलाच्या किती. त्यामुळे पुष्कळ शिक्षकांनी छायाचित्रे वैयक्तिक क्रमांकावर मागवायला सुरुवात केली आणि गट सूचनांपुरता उरला. शाळा पुन्हा भरल्यावरही बहुतेक गटांचे हेच रूप कायम राहिले.

त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला, तर राज्याच्या २०२० मधील कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. सोलापूरच्या कन्नड, तेलुगू आणि उर्दू शाळांतील मुलांना या दोन्हींचा एकत्र अर्थ असा की त्यांचे मराठी लेखन दुसऱ्या भाषेतील लेखन म्हणून वाचले गेले पाहिजे.

यानंतर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि बालकाची माहिती डिजिटल रूपात हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. मुलाचे नाव, इयत्ता, गाव आणि छायाचित्र यांसह लेख सर्वांसाठी खुल्या ब्लॉगवर टाकण्याची जुनी सवय आता तशीच चालू ठेवता येणार नाही, आणि ती पूर्वीही निर्धोक नव्हती. मुलांचे लेखन त्यामुळे पुन्हा वर्गाच्या चार भिंतींत किंवा बंद गटात येत आहे. बाहेरच्या वाचकासमोर मजकूर निर्दोष जावा, हा पूर्वदुरुस्तीचा सर्वांत जुना आधार होता, आणि बाहेरचा वाचकच उरला नाही तर तो आधारही उरत नाही. सोबत्यांच्या डोळ्यांत चूक बसेल, ही दुसरी शंका शिल्लक राहते, आणि तिला फळ्यापाशी एकत्र केलेल्या दुरुस्तीचे उत्तर आहे. त्यासाठी आठवड्यातील भाषेची एक तासिका राखून ठेवायची की नाही, हे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना वेळापत्रक आखतानाच ठरवावे लागेल.