मॉन्स्टर हंटर : वर्ल्डमधील शिकारीचे तंत्र

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’ या व्हिडिओ गेममध्ये महाकाय श्वापदांना मारण्याची किंवा जिवंत पकडण्याची रीत. मालिकेतला पहिला गेम २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. ‘वर्ल्ड’ २६ जानेवारी २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीसीसाठी निघाला. ‘आइसबोर्न’ ही मोठी पुरवणी २०१९ ची. नेहमीच्या मोहिमेला ५० मिनिटे असतात आणि तीनदा बेशुद्ध पडले की मोहीम फसते. जास्तीत जास्त चौघे एकत्र खेळू शकतात, पण हा तीनाचा हिशेब सगळ्यांचा मिळून असतो. एकच खेळाडू तीनदा पडला तरी चौघांची मेहनत वाया जाते.

या गेममध्ये एकदा उगारलेला वार सहसा मध्येच मागे घेता येत नाही, आणि बाकी सगळे तंत्र याच नियमातून निघते. ग्रेट सोर्ड ही अवजड तलवार डोक्यावरून खाली येईपर्यंत शिकारी जागचा हलत नाही, त्यामुळे वार कधी सुरू करायचा यापेक्षा तो संपेल तेव्हा श्वापद काय करत असेल, हे आधी पाहावे लागते. नवखे खेळाडू हरतात ते बहुतेकदा एक वार जास्त मारण्याच्या मोहाने. दोन वार, लोळण, पुन्हा दोन वार ही लय सुरुवातीला पुरेशी आहे. लोळण घेताना क्षणभर इजा होत नाही, म्हणून झडप येत असता मागे पळण्यापेक्षा तिच्या आतून, श्वापदाच्या कुशीकडे लोळावे. पलीकडे निघाल्यावर वार करायला जागाही मिळते. शस्त्र म्यान करून श्वापदाकडे पाठ फिरवून धावत असताना लोळणीचे बटण दाबले तर शिकारी जमिनीवर झेप टाकतो. ही झेप लोळणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ सुरक्षित ठेवते. मोठ्या स्फोटांतून वाचायचा तोच भरवशाचा मार्ग.

प्रत्येक श्वापद हल्ल्याआधी खूण देते. अंजनाथ हा आगीचा राक्षस आग ओकण्याआधी त्याच्या गळ्याशी ज्वाळेचा उजेड दिसतो. तेव्हा तोंडासमोरून हटून पायांवर वार करावेत. पायांना पुरेशी इजा झाली की तो कोसळतो आणि एरवी उंच राहणारे डोके हाताशी येते. त्याच्यावर पाण्याचे शस्त्र सर्वांत चांगले चालते. अंगाला आग लागली तर नलबेरी हे फळ खावे, पाण्यात शिरावे किंवा चार-दोन लोळणी घ्याव्यात.

मोहिमेआधी कॅन्टीनमध्ये जेवणे टाळू नये. जेवणाने १०० चे आयुष्य १५० पर्यंत जाते. पोशन या आयुष्य भरून काढणाऱ्या औषधात मध मिसळला की मेगा पोशन होते. दहा मेगा पोशन आणि वर दहा साधी पोशन व दहा मध बरोबर ठेवले तर ऐन शिकारीतही नवी बनवता येतात. पिताना चालता येते, धावता येत नाही, आणि मध्येच फटका बसला तर तोवर भरलेले आयुष्य तेवढेच राहते. म्हणून श्वापदाच्या पायाशी पिऊ नये.

शस्त्राची धार हा नवख्यांचा सर्वांत दुर्लक्षित विषय. धारेच्या रंगावर इजेचा गुणक ठरतो : लाल ०.५, नारिंगी ०.७५, पिवळा १, हिरवा १.०५, निळा १.२, पांढरा १.३२. निळ्यावरून पिवळ्यावर उतरलेले शस्त्र आपली सहाव्या हिश्श्याएवढी ताकद गमावते. शिवाय टणक अंगावरून वार उडतो आणि शिकारी उघडा पडतो. धार लावायचा दगड कधी संपत नाही, तेव्हा श्वापद दुसऱ्या भागात निघाले की पाठलागाआधी धार लावावी. चिलखताचे गणितही सरळ आहे : अंगावर येणारी इजा ८० भागिले (८० अधिक बचाव) या प्रमाणात उरते. बचाव ८० असेल तर निम्मी, २४० असेल तर पाव. पुढच्या श्वापदाने दोन फटक्यांत लोळवले तर नवे शस्त्र घडवण्याआधी चिलखत मजबूत करणारे आर्मर स्फिअर नावाचे गोळे त्यावर खर्च करावेत.

शेपटी फक्त धारदार शस्त्रानेच तुटते. हातोड्याने कितीही ठोकली तरी उपयोग नाही. उलट हातोडा आणि हंटिंग हॉर्न ही बोथट शस्त्रे डोक्यावर बसली की श्वापदाला भोवळ येते. म्हणून चौघांत कामे वाटून घेतलेली बरी, हातोडेवाल्याला डोके आणि तलवारवाल्याला शेपटी. तुटलेल्या शेपटीतून वेगळे साहित्य कापून घ्यायचे असते, ते घाईत विसरले जाते.

जिवंत पकडण्यासाठी एक सापळा आणि गुंगीचे दोन बॉम्ब लागतात. ट्रॅप टूल हे साधन आणि थंडरबग हा किडा मिळून विजेचा सापळा होतो, ट्रॅप टूल आणि जाळे मिळून खड्ड्याचा. गुंगीचा बॉम्ब स्लीप हर्ब ही वनस्पती आणि पॅराश्रूम हे अळंबे यांचा. श्वापद लंगडत घरट्याकडे जाऊ लागले किंवा नकाशावर त्याच्या चिन्हाशी कवटी दिसली की ते पकडण्याजोगे झाले. त्याआधी टाकलेला सापळा नुसता वार करायची संधी देतो, आणि तेच श्वापद पुढच्या सापळ्यात आधीपेक्षा कमी वेळ अडकते. शेवटचा सापळा शेवटासाठीच राखावा. श्वापद घरट्यात झोपले असता त्याच्या अंगाखाली सापळा लावणे सर्वांत सोपे. मात्र साथीदारांना आधी खूण करावी, नाहीतर गुंगी चढण्याआधीच कोणीतरी शेवटचा वार घालून ते मारून टाकतो.

झोपलेल्या श्वापदावरचा पहिला फटका दुप्पट बसतो. तो हलक्या वाराने वाया घालवू नये. ग्रेट सोर्डचा पूर्ण ताकद साठवून मारलेला वार किंवा मोठा बॉम्ब यांसाठी तो सोडावा.

एल्डर ड्रॅगन या वर्गातल्या श्वापदांवर सापळा चालत नाही, त्यामुळे तिथे पकडण्याचा प्रश्नच नसतो. याच वर्गातल्या नेरगिगांतेच्या अंगावर उगवणारे काटे आधी पांढरे आणि मऊ असतात, मग काळे आणि टणक होतात. पांढरे असतानाच ते फोडत राहिले की तो कोलमडतो आणि सलग वार करायला वेळ मिळतो. काळे झाल्यावर त्यांच्यावर आपटत बसू नये. तो हवेत उसळून अंगावर आदळण्याच्या बेतात असतो. शस्त्र म्यान करून, पाठ फिरवून झेप टाकावी.