टॅलबॉट

ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांत बनलेल्या मोटारगाड्यांचे एक जुने नाव. इंग्लिश खाडीच्या अल्याड-पल्याडच्या कौटुंबिक गाड्यांचा सामायिक वारसा जाणून घ्यायचा असेल, तर याच नावापासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे, कारण त्याचा जन्मच भागीदारीत झाला. आदोल्फ क्लेमां यांच्या फ्रेंच गाड्या ब्रिटनमध्ये विकण्यासाठी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अर्ल ऑफ श्रूजबरी चार्ल्स चेटविंड-टॅलबॉट यांनी भांडवल घातले आणि लंडनमध्ये क्लेमां-टॅलबॉट ही कंपनी उभी राहिली. आयात लवकरच मागे पडली आणि उत्तर केन्सिंग्टनच्या बार्लबी रोडवरील कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. १९१३ मध्ये पर्सी लॅम्बर्ट याने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर टॅलबॉट चालवत एका तासात १०३ मैलांहून अधिक अंतर कापले. तासाभरात शंभर मैल पार करणारा तो पहिला चालक.

पहिल्या महायुद्धानंतर सनबीम, टॅलबॉट आणि फ्रान्समधील दाराक यांचा एकत्रित समूह झाला. त्यामुळे पॅरिसजवळच्या सुरेन येथील गाड्यांवरही टॅलबॉट हेच नाव आले. लंडनची टॅलबॉट मात्र वेगळी होती. तिच्यामागे जॉर्ज रोश या स्विस वंशाच्या अभियंत्याची बुद्धी होती. १९३०च्या दशकात हा समूह बुडाला. ब्रिटिश वाटा रूट्स बंधूंच्या ब्रिटिश मोटार-समूहाने घेतला, तर सुरेनचा कारखाना अँटनी लागो यांच्याकडे गेला. लागोंच्या टॅलबॉटने १९५० ची ल मां शर्यत जिंकली, पण त्या दशकाच्या अखेरीस कंपनी सिम्का या फ्रेंच मोटार कंपनीला विकावी लागली.

पुढची कहाणी सामान्य माणसाच्या गाड्यांची आहे. रूट्सकडे हिलमन मिंक्स, हंटर आणि स्कॉटलंडमधील लिनवूड येथे बनणारी छोटी इम्प होती. फियाटच्या परवान्यावर उभ्या राहिलेल्या सिम्काने १९५४ मध्ये फोर्डचा प्वासी येथील कारखाना मिळवला. तिची १९६७ ची ‘११००’ काळाच्या पुढे होती : आडवे बसवलेले इंजिन, पुढच्या चाकांना गती, मागे वर उघडणारा दरवाजा. आज बहुतेक छोट्या गाड्यांची रचना अशीच असते, तरी त्याचे श्रेय सिम्काला फारसे कोणी देत नाही. अमेरिकेच्या क्रायस्लरने १९६० च्या दशकात या दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या आणि ताटातूट झालेली भावंडे पुन्हा एका छपराखाली आली.

या एकत्रीकरणाचे सर्वांत चांगले फळ म्हणजे १९७५ ची सिम्का १३०७. ब्रिटनमध्ये ती क्रायस्लर आल्पाइन नावाने विकली गेली. तिचा आकार रॉय ॲक्स यांच्या हाताखाली कॉव्हेंट्रीत रेखाटला गेला, यंत्ररचना फ्रान्समध्ये झाली आणि जोडणी आधी प्वासीत, मग कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन येथेही होऊ लागली. १९७६ चा ‘युरोपीय कार ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला. तिच्या धाकट्या भावंडाला, होरायझन या छोट्या गाडीला, तोच मान १९७९ मध्ये. दोष होतेच. इंजिनाचे टॅपेट (झडपा हलवणारे भाग) वाजत आणि पत्रा लवकर गंजे. तरीही पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन आरामात जाणारी ही गाडी तिच्या ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक विचारपूर्वक घडवलेली होती.

१९७८ मध्ये प्युजोने क्रायस्लरचा युरोपातील पसारा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांतील गाड्यांना टॅलबॉट हे नाव दिले. इतिहासाच्या दृष्टीने निवड योग्य होती, पण गिऱ्हाईक गोंधळले. फ्रान्समध्ये जी गाडी काल सिम्का होती आणि ब्रिटनमध्ये क्रायस्लर, तिच्यावरची पाटी बदलण्याखेरीज नवे फारसे काही नव्हते. लोटस या ब्रिटिश कंपनीचे इंजिन बसवलेल्या टॅलबॉट सनबीम या छोट्या गाडीने १९८१ ची जागतिक रॅली उत्पादक स्पर्धा जिंकली, पण त्याच वर्षी लिनवूडचा कारखाना बंद झाला. टॅगोरा ही मोठी टॅलबॉट अपयशी ठरली. प्वासीत कामगारकपातीवरून १९८३-८४ मध्ये तीव्र संघर्ष झाला.

कॉव्हेंट्रीत टॅलबॉट ॲरिझोना म्हणून आखलेली गाडी १९८५ मध्ये बाजारात आली ती प्युजो ३०९ होऊन. ही गाडी महाराष्ट्रातही बनली : १९९० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्युजो यांच्या भागीदारीत ती कल्याणच्या कारखान्यात बनत असे. पण ही भागीदारी थोड्याच वर्षांत संपुष्टात आली. इराणमध्ये मात्र हिलमन हंटर ‘पैकान’ या नावाने २००५ पर्यंत बनत राहिली; पुढच्या काळात तिच्यात प्युजो ५०४ वरून घेतलेले इंजिनही बसवले गेले. टॅलबॉट नावाच्या प्रवासी गाड्या १९८० च्या दशकातच थांबल्या होत्या, व्हॅनवर ते नाव आणखी काही वर्षे टिकले. रायटनमधून शेवटची प्युजो २००६ मध्ये बाहेर पडली.