पार्श्वभूमी : ‘टँकिंग’ हा शब्द आणि मेलबर्न क्लबचा न मिटलेला वाद

२७ जुलै २०२५. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, सेंट किल्डाविरुद्ध चारपैकी तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा मेलबर्न ४६ गुणांनी पुढे होतं. शेवटच्या क्वार्टरला एवढी आघाडी असताना लीगच्या इतिहासात कोणी सामना घालवला नव्हता. त्या दिवशी तो गेला. आठ सेकंद उरली असताना सेंट किल्डाने बरोबरी साधली. मग मध्यावरून खेळ पुन्हा सुरू होताना मेलबर्नचे खेळाडू सहा-सहा-सहाच्या सक्तीच्या रचनेत (मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहा जण) नव्हते म्हणून फ्री किक गेली, त्यातून मार्क (किक हवेत झेलून मिळणारी मोकळी किक) आणि सामना संपल्याच्या सायरननंतर गोल. नऊच दिवसांत २०२१ चा फ्लॅग, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकून देणाऱ्या कोचला नारळ मिळाला. हंगाम संपल्यावर त्या फ्लॅगच्या संघातले दोन मोठे मिडफील्डरही गेले, एक गोल्ड कोस्टला आणि दुसरा पश्चिम सिडनीच्या क्लबला.

तेव्हापासून चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, आता अर्धवट डागडुजी नको. जुन्यांना मोकळं करा, पोरांना खेळवा, दोन वर्षं तळाला राहिलो तरी चालेल, ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, वरचे पिक (निवडीचे पहिले क्रमांक) घ्या. दुसरा गट एवढंच म्हणतो, ‘हे एकदा करून झालंय.’ रोख असतो २००९ मधल्या ‘टँकिंग’च्या आरोपाकडे, म्हणजे वरच्या पिकसाठी जिंकायची धडपड सोडल्याच्या आरोपाकडे. जे लोक २०१५ नंतर क्लबशी जोडले गेले त्यांना हे ‘एकदा’ म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक आहे ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

लांबच्या इतिहासात फार शिरायची गरज नाही. १८५९ मध्ये खेळाचे पहिले नियम याच क्लबच्या लोकांनी कागदावर उतरवले. १९५५ ते १९६४ या दहा वर्षांत सहा फ्लॅग आले. ते सहाही मिळवून देणाऱ्या कोचला १९६५ मध्ये हंगामाच्या मध्यावर काढलं आणि काही दिवसांतच परत बोलावलं. पण घडी विस्कटायची ती विस्कटलीच. पुढची फायनल्स, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, बघायला १९८७ उजाडलं आणि पुढचा फ्लॅग यायला ५७ वर्षं लागली. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘शाप’ हा शब्द येतो. १९९६ मध्ये हॉथॉर्नमध्ये विलीन व्हायच्या प्रस्तावाला मेलबर्नच्या मेंबरांनी होकार दिला होता. हॉथॉर्नच्या मेंबरांनी नकार दिला म्हणून क्लब वाचला. स्वतःचं नाव पुसायला एकदा तयार झालेला क्लब, ही जखम वरवर दिसते त्यापेक्षा खोल आहे.

आताच्या वादाचं मूळ मात्र ड्राफ्टमध्ये आहे. १९८६ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला. जो तळाला तो आधी निवडणार, हे तत्त्व न्याय्यच होतं. १९९० च्या दशकात त्यावर प्रायॉरिटी पिकची भर पडली. ज्या संघाचे विजय अगदीच कमी, त्याला पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा निवड. २००५ नंतर अट कडक केली. सलग दोन हंगामांत प्रत्येकी चार किंवा त्याहून कमी विजय असले तरच पहिल्या फेरीआधीचं पिक, एकाच हंगामात असले तर पहिल्या फेरीनंतरचं. अट कडक झाली खरी, पण तिने एक रेघ ओढून दिली. चार विजय म्हणजे बक्षीस, पाचवा विजय म्हणजे बक्षीस गेलं. इतकी स्पष्ट रेघ असली की दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच लागणार.

२००७ च्या शेवटच्या फेरीत मेलबर्न आणि कार्लटन समोरासमोर आले तेव्हा चाहत्यांनी त्या सामन्याला एक ‘कप’ बहाल केला होता, ड्राफ्टमध्ये पहिला जाणार असं सगळे धरून चालले होते त्या शाळकरी पोराच्या नावाचा. मेलबर्नने सामना जिंकला, कार्लटनला ते पोर मिळालं. जिंकून काय कमावलं, हा प्रश्न मेलबर्नच्या लोकांच्या डोक्यात त्या दिवशी शिरला असावा.

२००८ मध्ये तीन विजय झाले, म्हणजे २००९ मध्ये चारावर थांबलं तर जादा पिक नक्की. २००९ ची अठरावी फेरी, एमसीजी मैदान, समोर रिचमंड. त्या दिवशी मेलबर्नचे खेळाडू नेहमीच्या जागा सोडून भलत्याच जागी खेळताना दिसले. तरीही शेवटच्या मिनिटाला मेलबर्न दोन गुणांनी पुढे होतं. खेळणारे हरायला उतरले नव्हते, हे सांगायला तेवढा आकडा पुरे. मग रिचमंडच्या खेळाडूने मार्क घेतला, सायरन वाजला, लांबून मारलेली किक खांबांमधून गेली आणि रिचमंड चार गुणांनी जिंकलं. लाल-निळे मफलर घातलेल्या माणसांना त्या संध्याकाळी हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. आपल्याच संघाच्या हरण्याने सुटकेचा श्वास सोडायला लावणारा नियम वाईटच होता, याबद्दल या लेखकाच्या मनात शंका नाही.

हंगाम चार विजयांवर संपला. ड्राफ्टमधले पहिला आणि दुसरा, दोन्ही खेळाडू मेलबर्नला मिळाले. पहिला दोन हंगाम खेळून नव्या क्लबने देऊ केलेल्या मोठ्या करारावर निघून गेला. दुसऱ्याला विसाव्या वर्षी सहकर्णधार केलं, लीगच्या इतिहासात इतक्या लहान वयात ती जबाबदारी कोणावर आली नव्हती. पुढे पायाच्या हाडाच्या दुखापतीने त्याची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. यात त्या दोघा पोरांचा काडीचाही दोष नाही.

२०१२ मध्ये एका माजी खेळाडूने टीव्हीवर २००९ च्या दिवसांबद्दल तोंड उघडलं आणि लीगची चौकशी लागली. सातेक महिने ती चालली. निकाल १९ फेब्रुवारी २०१३ ला आला आणि आजच्या भांडणात दोन्ही बाजू ज्याचा आधार घेतात तो हाच.

निकालाने सांगितलं की बोर्डाने किंवा व्यवस्थापनाने मुद्दाम हरायचा आदेश दिल्याचं आढळलं नाही, आणि संघ कोणताही सामना हरायच्या इराद्याने मैदानात उतरला नव्हता. त्याच निकालाने क्लबला ५ लाख डॉलरचा दंड केला, तेव्हाच्या फुटबॉल विभागाच्या प्रमुखाला वर्षभरासाठी बाहेर ठेवलं आणि तेव्हाच्या कोचला १६ आठवड्यांसाठी. कारण दिलं ते स्पर्धेच्या हिताला बाधा आणणाऱ्या वर्तनाचं. विभागप्रमुखाने बैठकीत जिंकण्याच्या परिणामांबद्दल जे बोलून दाखवलं त्याचं दडपण कोचवर आलं आणि त्याने काही निर्णय संघाच्या गरजेऐवजी वरच्याची मर्जी राखायला घेतले, असा त्याचा मथितार्थ. सापही मरावा नि काठीही मोडू नये, असा हा निकाल होता. काठी मोडली नाही, आणि साप मेला की नाही ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

मुळात नियमात ‘टँकिंग’ हा गुन्हा म्हणून लिहिलेलाच नव्हता. खेळाडू आणि कोच यांनी आपली कामगिरी कायम गुणवत्तेवर करावी आणि दुसऱ्याला त्यापासून परावृत्त करू नये, अशा अर्थाचं कलम होतं. चाहते मात्र एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात. खेळाडूने चेंडूवर जोर न लावणं ही पहिली. तिचा आरोप मेलबर्नच्या खेळाडूंवर गंभीरपणे कुणी केलाच नाही. कोचने बचावातल्या माणसाला पुढे आणि पुढच्याला मागे पाठवणं ही दुसरी. ती ‘प्रयोग’ या नावाखाली सहज झाकता येते, कारण तळाचा प्रत्येक संघ प्रयोग करतोच. क्लबने दुखऱ्या गुडघ्याच्या खेळाडूला सहा आठवडे आधीच शस्त्रक्रियेला पाठवणं, अनुभवी माणसाला बाकावर बसवून नवख्याला जर्सी देणं ही तिसरी. तिला आपण पुढचं नियोजन म्हणतो आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये स्वतःच तिची मागणी करतो.

मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो. २००० सालच्या क्रिकेटमधल्या फिक्सिंगनंतर आपल्याकडे ‘मॅच सोडली’ म्हटलं की डोळ्यांपुढे बुकी येतो. मेलबर्नच्या प्रकरणात बुकी नव्हता, पाकीट नव्हतं, फायदा होणार होता तो क्लबचा आणि चाहत्यांचाच. म्हणून इथल्या मराठी मित्रांशी बोलताना ‘मुद्दाम हरणं’ हा शब्दप्रयोगही जरा जपूनच वापरावा. ‘जिंकायची सगळी धडपड न करणं’ हे त्यातल्या त्यात जवळचं. निकालाने या तीन पायऱ्या वेगळ्या करून कुठली चालेल आणि कुठली नाही ते सांगायला हवं होतं. ते न करता दंड वसूल केला आणि विषय मिटला असं जाहीर केलं. बाकीच्या ज्या क्लबांच्या याद्या प्रायॉरिटी पिकने भरल्या त्यांच्यावर मेलबर्नसारखी शिक्षेची पाळी आली नाही, हेही खरं.

शिक्षेपेक्षा महाग पडलं ते दुसरंच. ३० जुलै २०११ ला जिलाँगने आपल्या मैदानावर मेलबर्नला १८६ गुणांनी धुतलं आणि कोचची नोकरी गेली. २०१२ मध्ये चार विजय, २०१३ मध्ये दोन. २०१३ च्या दुसऱ्याच फेरीत एसेंडनकडून १४८ गुणांची हार झाली आणि जूनमध्ये पुढचाही कोच गेला. आता मात्र कुणी हरायचं ठरवत नव्हतं, संघाला जिंकताच येत नव्हतं. अनुभवी खेळाडू आधीच बाजूला केलेले, कर्णधार वयाने पोर, आणि चौथ्या क्वार्टरला सामना कसा धरून ठेवायचा हे शिकवायला मैदानात कुणी नाही. पोरांना खेळवा म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षं एकदा तरी आठवावीत.

२०२१ चा फ्लॅग पर्थमध्ये आला तेव्हा पहिला आणि दुसरा पिक दोघेही क्लबमध्ये नव्हते. कप उचलणारा कर्णधार मात्र त्याच २००९ च्या ड्राफ्टमधला होता. तो उंच रक खेळाडू (उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा) ३४ व्या क्रमांकावर मिळालेला, दोनदा गुडघा तुटून परत उभा राहिलेला. त्याला घ्यायला प्रायॉरिटी पिक लागलं नव्हतं.

सूत्राने मिळणारं प्रायॉरिटी पिक २०१२ मध्ये रद्द झालं. आता जादा पिक द्यायचं की नाही ते लीग प्रकरण पाहून ठरवते. २०१९ च्या शेवटी गोल्ड कोस्टला असं पिक मिळालं आणि पहिला-दुसरा दोन्ही खेळाडू त्यांच्याकडे गेले. ते दोघे टिकले, आणि २०२५ मध्ये क्लबने आपला पहिलाच फायनल्सचा सामना एका गुणाने जिंकला. तळाला राहून वर येता येतं म्हणणारे हे उदाहरण देतात आणि ते चुकीचं नाही. पण त्यात सहा वर्षं गेली हे ते सांगत नाहीत. नॉर्थ मेलबर्नलाही मदतीचे पिक मिळाले आणि इतर क्लबांनी कुरकुर केली. तरी २०२० ते २०२४ या पाच हंगामांत त्यांचा आकडा एकदाही चार विजयांच्या वर गेला नाही.

नॉर्थचंच २०२३ मधलं उदाहरण मेलबर्नच्या लोकांनी जपून ठेवावं. पहिले दोन सामने जिंकून ते पुढचे सलग वीस हरले. शेवटच्या फेरीत होबार्टला गोल्ड कोस्टशी गाठ होती. हरले असते तर तळाची जागा आणि त्यासोबत देशभर चर्चेत असलेला तो एक पोरगा, दोन्ही त्यांचेच होते. ते जिंकले. तळाला वेस्ट कोस्ट गेलं आणि पोरगाही तिकडेच गेला. सायरन वाजल्यावर नॉर्थचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. पाच महिन्यांनी त्यांना क्लबचं गाणं म्हणायला मिळालं होतं.