तंबाखूच्या धुराचे पूट

विडी किंवा सिगारेट विझल्यावर धूर दिसेनासा होतो, पण त्यातले निकोटीन, चिकट डांबरी अंश आणि बारीक कण भिंती, आढे, पडदे, अंथरूण व धूळ यांवर बसून राहतात. या थराला येथे पूट म्हटले आहे. वैद्यकीय लिखाणात त्याला ‘थर्डहँड स्मोक’ म्हणतात आणि ते नाव २००९ नंतर सर्वत्र रूढ झाले. शेजारी बसून धूर नाकात जाणे वेगळे. हा संपर्क ओढणारा उठून गेल्यावर, कधी कधी घर सोडून गेल्यावरही, चालू राहतो.

पूट निपचित पडून राहत नाही. निकोटीन पृष्ठभागातून हळूहळू पुन्हा हवेत सुटते. खोलीतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग झाला की नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात, हे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवले. त्यांतले एनएनके हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून निश्चित झालेले आहे. नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून आणि वाहनांच्या धुरातूनही येते. म्हणजे ज्या खोलीत स्वयंपाक आणि विडी दोन्ही चालतात, तिथे या रसायनांना लागणारा सगळा माल हजर असतो.

सातारा-सांगली भागातल्या घरांत पूट धरून ठेवणाऱ्या वस्तू कमी नाहीत. वाकळ, गोधडी, कापसाची गादी आणि माणदेशातली लोकरीची घोंगडी यांचे तंतू निकोटीन शोषून घेतात, आणि घोंगडी तर क्वचितच धुतली जाते. जावळी, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात दारेखिडक्या आठवडेच्या आठवडे बंद असतात आणि अंथरूण उन्हात टाकायची सोय नसते. सोप्यात आजोबा विडी ओढतात आणि त्याच घोंगडीवर दुपारी नातू झोपतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण मुलाला जे पोचायचे ते पोचतेच.

सर्वांत मोठा धोका रांगत्या मुलांना आहे. ती जमिनीलगत श्वास घेतात, हाताला लागलेली धूळ तोंडात घालतात, आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त धूळ त्यांच्या पोटात जाते. बाहेर जाऊन ओढणाऱ्या पालकांच्या घरांतही धुळीत निकोटीन आणि बाळांच्या लघवीत कोटिनीन हा त्याचा अवशेष आढळला आहे, मात्र घरात ओढणाऱ्यांच्या तुलनेत कमी. तेव्हा ‘मी अंगणात जाऊन ओढतो’ ही सवय चांगलीच, पण पुरेशी नाही. कपडे, केस आणि हात धूर घरात आणतात. जर्मनीतील माइन्झ शहरात, धूम्रपानाला पूर्ण बंदी असलेल्या चित्रपटगृहात प्रेक्षकांच्या अंगावरून आलेली ही रसायने हवेत मोजली गेली (२०२०).

प्रयोगशाळेत या अवशेषांमुळे मानवी पेशींतील डीएनएचे धागे तुटल्याचे २०१३ मध्ये दिसले. दीर्घकाळ पुटात राहिलेल्या माणसांच्या आजारांचे थेट हिशेब अजून थोडे आहेत, आणि ताज्या धुराइतका हा संपर्क तीव्र नसतो. तरीही कर्करोगकारक द्रव्य बाळाच्या अंथरुणात ठेवण्यासाठी एवढे कारण पुरत नाही.

या भागाच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. मशेरीची गणना बिनधुराच्या तंबाखूत होते, पण ती घरोघरी तव्यावर भाजली जाते. तंबाखू काळी पडेपर्यंत तापते, निकोटीनची वाफ उठते आणि घरभर ठसका लागतो. ती वाफ थंड होऊन भांडी, फडताळ आणि भिंतीवरच बसणार. भाजणाऱ्या बाईच्या कडेवर पुष्कळदा मूल असते.

खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने हवा बदलते, पूट निघत नाही. घर सोडून गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या घरांत, दोन महिने घर रिकामे राहून साफसफाई झाल्यावरही धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन सापडले, असे कॅलिफोर्नियातील २०११ च्या अभ्यासात आढळले. रंगाचा नवा हात दिला तरी जुना पिवळा डाग वर येतो. चुन्याचा उपयोग त्याहून कमी, कारण निकोटीन अल्कधर्मी आहे आणि चुनाही तसाच, त्यामुळे तो त्याला बांधून ठेवत नाही. साबणाच्या पाण्यानंतर सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने दारे, पंख्याची पाती व सिरॅमिक फरशी पुसल्यास बराच भाग निघतो (शहाबादी फरशीवर आम्ल वापरू नये, दगड खाल्ला जातो). गादीचा कापूस मात्र बदलावाच लागतो.

सार्वजनिक जागी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. त्यात प्रवासी वाहने येतात, म्हणून वडाप, म्हणजे गावोगावची खासगी प्रवासी जीपही येते. राहत्या घराला ती लागू नाही, आणि आधीच बसलेल्या पुटाबद्दल कायद्यात काही नाही. याची झळ मिरजेत जास्त जाणवण्यासारखी आहे. उत्तर कर्नाटकापासून आलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांसह लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. अशी खोली घेताना गादीचा वास घ्यावा, तसबिरीमागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरी आहे का ते पाहावे, आणि आधी इथे कोण राहत होते हे मालकाला सरळ विचारावे.