मंत्रालयाजवळच्या रस्त्यावरचे जनरल

नरिमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात कार्यक्रमाला निघालो की टॅक्सीवाल्याला आपण 'मंत्रालय' सांगतो, फार तर 'वाय. बी.'. निमंत्रणपत्रिकेवर मात्र पूर्ण पत्ता असतो : जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. रोज हजारो माणसं या रस्त्यावरून मंत्रालयात फायली घेऊन जातात. पण हे जनरल भोसले कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर 'असतील शिवाजी महाराजांच्या घराण्यातले' इथवरच येऊन थांबतं.

जगन्नाथराव सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे. डेहराडूनचं लष्करी महाविद्यालय, मग इंग्लंडात सँडहर्स्ट, 1928 मध्ये अधिकारी आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्री. त्या काळी कोकणातला तरुण मुंबईला यायचा तो गिरणीत किंवा गोदीत, आणि पलटणीत गेला तर शिपाई म्हणून. सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आलेले मराठी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. त्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. डिसेंबर 1942 मध्ये या सेनेचे पहिले प्रमुख मोहनसिंग यांचं जपान्यांशी बिनसलं आणि पहिली फौज विस्कटली. ती पुन्हा बांधताना लष्करी विभागाची सूत्रं भोसल्यांकडे आली. 21 ऑक्टोबर 1943 रोजी सुभाषबाबूंनी सिंगापुरात हंगामी सरकार जाहीर केलं, त्यात सैन्याच्या प्रतिनिधींमध्ये भोसले होते. पुढे ते या फौजेचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

रस्त्याच्या पाटीवरचं 'जनरल' तिथलं आहे. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात ते त्या हुद्द्यापर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे ज्या फौजेला सरकारी कागदांनी कधी फौज मानलं नाही, तिचा हुद्दा राज्य सरकारच्या मुख्य कचेरीशेजारी पाटीवर चढला आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

नोव्हेंबर 1945 मध्ये लाल किल्ल्यात खटला सुरू झाला तो आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज, सहगल आणि धिल्लन यांच्यावर. त्यांचं वकीलपत्र घेणारे भुलाभाई देसाई आपल्या मुंबईचेच. जुन्या वॉर्डन रोडला आज त्यांचं नाव आहे. जानेवारी 1946 मध्ये तिघे सुटले, देशभर जल्लोष झाला. पण स्वातंत्र्यानंतरही आझाद हिंदच्या माणसांना भारतीय सैन्यात परत घेतलं गेलं नाही. शिस्तीचा प्रश्न आहे, असं कारण पुढे आलं. तेव्हा या अनुभवी सेनाधिकाऱ्यांपुढे गणवेशाचा रस्ता बंद होता आणि राजकारणाचा उघडा. शाहनवाज खान मेरठमधून लोकसभेत गेले. भोसले 1952 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, तो 1981 मध्ये झाला.

नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचं उपमंत्रिपद दिलं. फाळणीचे निर्वासित हा त्या काळातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. मुंबईकरांना त्याचा अंदाज यायचा तो कल्याणजवळ. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या तिथल्या बराकींमध्ये सुमारे 1 लाख सिंधी निर्वासित राहत होते; 1949 मध्ये त्याच छावणीचं नाव उल्हासनगर झालं.

उपमंत्री म्हणून भोसल्यांनी जे केलं, त्यात त्यांच्यातला कवायत घेणारा अधिकारी स्पष्ट दिसतो. 1954 मध्ये दिल्लीतल्या कस्तुरबा निकेतनात, म्हणजे निर्वासित स्त्रिया आणि मुलांच्या वसतिगृहात, त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गमावलेल्या पोरांना कवायत, खेळ, समूहगीतं, वेळेवर उठणं, रांगेत उभं राहणं. ऐकायला हे शाळेच्या पी.टी.च्या तासासारखं वाटतं. पण छावणीत वाढलेल्या मुलाचा दिवस कुणीतरी आखून देणं ही लहान गोष्ट नव्हती. नेहरूंना प्रयोग पसंत पडला, योजना इतर शाळांमध्ये पसरली आणि शिक्षण खात्याकडे गेली. नंतर कुंझरू समितीने अशा सगळ्या योजना एकत्र करायला सुचवलं. त्यातून नॅशनल फिटनेस कोअर झालं आणि मूळ योजनेचं वेगळं नाव उरलं नाही. सैन्याने दारं बंद केलेल्या माणसाने शेवटी मुलांची पलटण उभी केली, असं मी त्याकडे बघतो.

खासदारकी मात्र एकाच लोकसभेपुरती. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर शेजारच्या कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोकणातून काँग्रेस वाहून गेली. रत्नागिरीत जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आले, राजापुरात नाथ पै. 1963 मध्ये भोसले गेले.

सेनाधिकारी म्हणून मोठं नाव असलं की मुंबईत मतं मिळतात, असं मात्र कुणी समजू नये. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 1971 मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले; जागा काँग्रेसच्या राजाराम कुलकर्णींना गेली. लोकांना करिअप्पांबद्दल आदर नव्हता असं नाही. पण मत द्यायच्या वेळी मतदार पक्ष बघतो, वॉर्डातला कार्यकर्ता बघतो, आणि त्या वर्षी तर इंदिरा गांधींची लाट होती.

सैन्यातून आलेला माणूस भोसल्यांच्या मुलखातून पुन्हा लोकसभेत गेला तो 1991 मध्ये. राजापूर तोवर पाच वेळा मधू दंडवते यांच्याकडे होतं. तिथे काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले, दंडवते हरले. पाचच वर्षांत, 1996 मध्ये, ती जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली.