सेवा-अध्ययन

अभ्यासक्रमातील विषय शिकत असतानाच समाजाची खरी गरज भागवणारे काम करायचे, त्या कामावर पद्धतशीर चिंतन करायचे आणि पुन्हा विषयाकडे यायचे, अशी अध्यापनपद्धती. रसायनशास्त्राच्या वर्गाने तळ्यातला गाळ उपसला तर ते श्रमदान. त्याच वर्गाने रहिवाशांच्या मागणीवरून विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजले, निष्कर्ष त्यांच्यापुढे मांडले आणि त्यातून विश्लेषणपद्धती शिकून घेतली, तर ते सेवा-अध्ययन. समाजसहभाग ही याहून व्यापक संकल्पना आहे. संशोधन, सल्ला, संस्थेच्या सुविधा लोकांना खुल्या करणे हे सारे तीत येते.

अनुभवातून शिकण्याची वैचारिक बैठक अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या शिक्षणविचारात सापडते. प्रस्तुत संज्ञा १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांच्या कामातून रूढ झाली. १९७९ मध्ये सिग्मन यांनी तीन तत्त्वे मांडली : सेवेवर नियंत्रण ती घेणाऱ्यांचे असावे, सेवेमुळे त्यांची स्वतःची क्षमता वाढावी, सेवा देणारेही शिकणारेच असावेत आणि काय शिकायचे हे ठरवण्यात त्यांचा वाटा असावा. यांतले पहिले तत्त्व सर्वांत महत्त्वाचे, आणि व्यवहारात सर्वाधिक मोडले जाते तेही तेच.

म्हणून आखणीची सुरुवात सत्राच्या दोन-तीन महिने आधी, सहभागी गटाशी, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचे त्या लोकांशी, बोलून करावी. काम कोणते, देखरेख कोणाची, माहितीवर मालकी कोणाची आणि सत्र संपताना काम अपुरे राहिले तर ते कोण पुढे नेणार, हे लेखी ठरवावे. एका सत्रात साधारण २० ते ३० तास काम सोयीचे पडते. ते आठ-दहा तासांवर आणले, तर विद्यार्थ्यांना कामाची ओळख करून देण्यातच यजमान संस्थेचा, म्हणजे जिथे काम चालते त्या संस्थेचा, वेळ जातो आणि तिच्या पदरात फारसे काही पडत नाही.

चिंतन कामाआधी, कामादरम्यान आणि कामानंतर अशा तिन्ही टप्प्यांत हवे. 'काय घडले, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय' हे प्रश्न उपयोगी आहेत, पण ते विषयाला जोडावे लागतात. 'खूप शिकायला मिळाले' अशा रोजनिशीने विद्यार्थ्याचे पूर्वग्रह जागचे हलत नाहीत. गरिबीचे खापर गरिबांवरच फोडण्याची वृत्ती उलट पक्की होऊ शकते. पाण्याच्या प्रकल्पात विचारावे : नायट्रेट आले कुठून, खतांतून की मैलापाण्यातून? याच विहिरींत ते जास्त का?

निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवणे हा कामाचाच भाग. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. प्रमाण त्याहून जास्त निघाले आणि विद्यार्थी नुसता तक्ता देऊन परतले, तर लोक पाणी उकळून पितील. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना याचा धोका सर्वांत अधिक. तेव्हा अहवाल सोप्या भाषेत, तोंडी समजावून आणि पर्यायी पाण्याच्या सल्ल्यासह द्यावा.

गुण द्यायचे ते शिकण्याला, घालवलेल्या तासांना नव्हे. सहभागी गटाचे मतही मूल्यमापनात घ्यावे, मात्र ते विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत विचारावे. समोरासमोर लोक भिडेखातर कौतुकच करतात.